रोजमेरीच्या दोन बाटल्या

‘मॅडम, रोजमेरी हाय का?’ असं कुणी विचारलं की मी उलट प्रश्न करते, ‘छोटी बाटली पाहिजे का मोठी?’ समोरचा बुचकळ्यात पडतो. त्याच्या डोक्यात एकच रोजमेरी असते, मोबाइलवरच्या रीलमध्ये बघितलेलं केसांचं तेल. मोठीत माल जास्त आणि किंमत कमी, म्हणून हात तिकडेच जातो.

कराडात पेठेत माझं मेडिकल आहे. केसांच्या तेलाचं कपाट पूर्वी मागच्या कोपऱ्यात असायचं, आता ते काउंटरच्या शेजारी आणावं लागलंय. आवळा, माका, कांदा अशी एकेकाची लाट येऊन गेली. सध्या रोजमेरीचे दिवस आहेत. कांद्याच्या लाटेपेक्षा ही मला बरी वाटते, कारण निदान दुकानात वास तरी चांगला येतो. पण या तेलाबद्दल रोज तेच ते प्रश्न येतात आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत एवढं सगळं बोलता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

छोटी बाटली म्हणजे १० किंवा १५ मिलिलिटरची, तपकिरी काचेची, थेंब थेंब पडेल अशा बुचाची. तिच्यात रोजमेरीच्या पानांतून वाफेने काढलेलं तेल असतं आणि दुसरं काही नसतं, निदान नसावं. नावाला तेल, पण बोटावर चोळलं तर खोबरेलासारखं ओशट लागत नाही. कागदावर एक थेंब टाकून ठेवा, तासा-दोन तासांत बहुतेक उडून जातो आणि तेलकट डाग राहत नाही. डाग तसाच राहिला तर आत दुसरं कुठलंतरी साधं तेल मिसळलंय असं समजा.

मोठी बाटली १०० किंवा २०० मिलिलिटरची. तिच्यामागची बारीक अक्षरं वाचा. यादीत जे आधी येतं ते जास्त असतं. पुष्कळदा सुरुवातीलाच लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, मग एखादं वनस्पती तेल, मग सुगंध, आणि रोजमेरी पार शेवटाकडे. मी याला फसवणूक म्हणणार नाही, कारण डोक्याला लावायचं तर तेल विरळ करावंच लागतं. पण किती टक्के ते लिहिलेलं नसतं. समोर हिरव्या फांदीचं मोठं चित्र आणि आत नेमकं किती, ते कंपनीलाच ठाऊक.

छोटी बाटली महाग का, हे ज्याने एकदा तेल काढताना पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. फार्मसीच्या प्रॅक्टिकलला आम्ही क्लेव्हेंजरच्या उपकरणात निलगिरीची पानं उकळायचो. खाली गोल चंबू, वर वाकडीतिकडी काचेची नळी, गार पाणी फिरवून वाफ थंड करायची आणि बारीक खुणांच्या नळीत पाण्यावर तेलाचा थर किती चढला ते बघत बसायचं. तासन्‌तास उकळून जेमतेम बोटाच्या पेराएवढा थर. रोजमेरीचंही तेच. वाळलेल्या पानांच्या वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के तेल मिळतं. म्हणजे १० मिलिलिटरच्या एका बाटलीमागे अर्धा ते एक किलो वाळलेली पानं. हा हिशोब डोक्यात ठेवून मोठ्या बाटलीवरची किंमत पुन्हा वाचा.

रोजमेरी मूळची भूमध्य समुद्राच्या काठची. स्पेन, मोरोक्को, ट्युनिशिया, कॉर्सिका बेट, सगळीकडे डोंगरउतारावर रानात उगवते. तुळस, पुदिना, सब्जा यांच्याच कुळातली. तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, त्यामुळे पानं सुईसारखी अरुंद, कडा खाली वळलेल्या, आणि तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी प्रामुख्याने पानाच्या खालच्या अंगाला. पान नुसतं हुंगलं तर फार वास येत नाही, चुरडलं की ग्रंथी फुटतात आणि मग येतो. आपल्याकडे निलगिरी डोंगरात आणि हिमालयाच्या पायथ्याला तिची लागवड होते. उटीला गेलात तर निलगिरी तेलाच्या बाटल्यांच्या रांगेतच रोजमेरीही मांडलेली दिसते. माझ्या गच्चीवर एक कुंडी आहे. जून ते सप्टेंबर ती पत्र्याखाली ठेवावी लागते. थंडी, ऊन सगळं सोसते, पण मुळाशी पाणी साचलं की गेलीच. मातीत निम्मी वाळू घाला आणि रोज पाणी घालणाऱ्या माणसापासून ती लांब ठेवा. आमच्या घरात ते माणूस म्हणजे सासरे.

झाड एकच असलं तरी तेल सगळीकडचं सारखं नसतं, आणि हे बाटलीवर क्वचितच लिहिलेलं असतं. मोरोक्को-ट्युनिशियाकडच्या तेलात १,८-सिनिओल सर्वांत जास्त असतं. हाच निलगिरी तेलातला मुख्य घटक. स्पेनच्या तेलात कापराचं प्रमाण वाढतं. कॉर्सिकाच्या तेलात व्हर्बेनोन नावाचा तिसराच घटक पुढे येतो आणि ते अंगाला सौम्य मानतात. शिवाय सगळ्यांतच अल्फा-पायनीन असतं, चीडाच्या झाडाला जो वास असतो त्यातलं. म्हणून पहिल्यांदा बूच उघडलं की बहुतेकांना निलगिरी आणि कापूर एकत्र केल्यासारखं वाटतं. त्यांचं नाक बरोबरच सांगतं. माझ्या सासूबाई त्याला ‘ती विलायती निलगिरी’ म्हणतात आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने मला त्यात काही दुरुस्ती सुचवता येत नाही.

भेसळही याच वाटेने होते. निलगिरी तेल स्वस्त, कृत्रिम कापूर त्याहून स्वस्त. दोन्ही मिसळून थोडी खरी रोजमेरी टाकली की साध्या नाकाला फरक कळत नाही. बरे उत्पादक प्रत्येक बॅचचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल देतात, त्यात कुठला घटक किती टक्के ते असतं. मी घाऊक व्यापाऱ्याकडे तो मागते तेव्हा तो माझ्याकडे अशा नजरेने बघतो की जणू मी त्याच्या मुलीची पत्रिका मागितली. तरी मागते.

आता केसांचं. नव्वद टक्के गिऱ्हाईक त्याचसाठी येतं.

‘मिनॉक्सिडिलइतकंच चालतंय म्हणं,’ असं कॉलेजची पोरं सांगतात. मिनॉक्सिडिल म्हणजे टक्कल पडायला लागलं की डोक्याला लावायचं औषध. हे कुठून आलं ते मला माहीत आहे. २०१५ साली इराणमधल्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. आनुवंशिक टक्कल पडत चाललेले १०० पुरुष, त्यातल्या निम्म्यांना रोजमेरीचं लोशन, निम्म्यांना दोन टक्क्यांचं मिनॉक्सिडिल, सहा महिने. तिसऱ्या महिन्यात दोन्ही गटांत मोजण्याजोगा फरक नव्हता. सहाव्या महिन्यात दोन्हीकडे केसांची संख्या थोडी वाढलेली होती आणि दोन्ही गटांत एकमेकांशी तुलना करता फारसा फरक नव्हता. डोक्याला खाज मिनॉक्सिडिलच्या गटात जास्त.

इथपर्यंत रील बरोबर असतं. पुढचं ते सांगत नाही. रोजमेरीच्या गटात मोजायच्या जागेत सरासरी १२३ च्या आसपास केस होते ते १३० च्या आसपास झाले. वाढ आहे, पण आरशात बघून ओळखू येईल अशी नव्हे. मिनॉक्सिडिलच्या गटात तर वाढ त्याहूनही कमी. म्हणजे हे ‘इतकंच’ फार मोठं नव्हतं. काहीच न लावणारा किंवा नुसतं साधं लोशन लावणारा तिसरा गट त्यात नव्हता. आणि तुलना झाली ती दोन टक्क्यांच्या मिनॉक्सिडिलशी, पुरुषांना आता सर्रास पाच टक्क्यांचं दिलं जातं. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध, गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा ते डोक्याला लावून बघितलं गेलं, आणि त्यावर कितीतरी चाचण्या झाल्यात. रोजमेरीच्या बाजूला अशा मोजक्याच. त्याआधीची एक स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनची, १९९८ ची, पण ती चाईच्या, म्हणजे चट्ट्याचट्ट्याने केस जाणाऱ्या रुग्णांवर होती आणि त्यात रोजमेरीबरोबर थाइम, लॅव्हेंडर आणि सीडरवुडही होतं. ते मिश्रण रोज डोक्याला चोळणाऱ्यांपैकी ४४ टक्के जणांत सुधारणा दिसली, नुसतं साधं तेल चोळणाऱ्यांत १५ टक्के. चांगला निकाल आहे, पण त्यातलं श्रेय रोजमेरीचं किती ते वेगळं काढता येत नाही. आणि चाई म्हणजे टक्कल नव्हे.

बायकांचा प्रश्न वेगळा असतो. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी किंवा डेंगी-टायफॉइड होऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळायला लागतात. घाबरून येतात बिचाऱ्या. त्यांना मी आधी खुर्ची देते. हे गळणं बहुतेकांचं आपोआप थांबतं आणि केस परत येतात. त्या काळात डोक्याला जे काही लावलं जातं त्याला श्रेय मिळतं, मग ती रोजमेरी असो, कांदा असो, नाहीतर शेजारणीने दिलेला लेप. गळणं थांबलं नाही तर मी रोजमेरी विकत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला पाठवते. एका बाटलीचा धंदा जातो, जाऊ दे.

मग मी हे तेल विकतेच कशाला? कारण ज्यांना तसंही आठवड्यातून दोनदा डोक्याला तेल लावायची सवय आहे, त्यांनी याचे चार थेंब त्यात घातले तर बिघडत काही नाही, वास छान येतो, डोकं हलकं वाटतं आणि कदाचित थोडा फायदाही होतो. फक्त प्रमाण सांभाळायचं. त्या इराणी चाचणीतल्या लोशनमध्ये दर मिलिलिटरमागे ३.७ मिलिग्रॅम सिनिओल होतं. तेलात सिनिओल चाळीस टक्क्यांच्या आसपास धरलं तर एक टक्क्याच्या मिश्रणात साधारण तेवढंच येतं. म्हणजे १०० मिलिलिटर खोबरेलात १ मिलिलिटर रोजमेरी. ड्रॉपरप्रमाणे थेंब लहानमोठा असतो, पण १ मिलिलिटर म्हणजे २० ते ३० थेंब. तीस मिलिलिटरच्या बाटलीला सहा ते आठ थेंब. दोन टक्क्यांच्या वर जायचं कारण नाही. ‘जास्त टाकलं तर लवकर येतील का?’ असं विचारतात. केस नाही, पुरळ लवकर येईल.

थंडीत इथलं खोबरेल सकाळी गोठलेलं असतं. ते उन्हात ठेवून पातळ करा आणि मग थेंब घाला. गॅसवर कढवलेल्या गरम तेलात घातले तर तुम्ही ज्याचे पैसे दिले ते स्वयंपाकघरात उडून जातं, हा वास घरभर दरवळला की समजा गेलं. प्लॅस्टिकच्या बाटलीत शुद्ध तेल ठेवू नका, काही प्लॅस्टिक त्याने मऊ पडतं. पहिल्यांदा लावताना विरळ केलेलं तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट बघा. लाल झालं, खाजलं तर तुमच्यासाठी नाही. आणि वर्षानुवर्षं उघडी राहिलेली जुनी बाटली डोक्याला लावू नका. हवेने त्यातले घटक बदलतात आणि मग त्याचीच ॲलर्जी येते. तिचे थेंब फरशी पुसायच्या पाण्यात टाका.

वाळलेल्या रोजमेरीचं पाणी उकळून स्प्रे करणारेही आहेत. भांड्यावर झाकण न ठेवता उकळलं की सुगंधी तेल वाफेबरोबर जातं, हेच तर आम्ही क्लेव्हेंजरमध्ये मुद्दाम पकडत होतो. पाण्यात राहतं ते पाण्यात विरघळणारं, रोजमेरिनिक ॲसिड वगैरे. त्याने केस वाढतात असं वरच्या दोन्ही चाचण्यांत तपासलेलं नाही. शिवाय त्यात टिकवणारं काही नसल्यामुळे ते दोन-चार दिवसांत नासतं. फ्रिजमध्ये ठेवून पटकन संपवणार असाल तर करा. महिनाभर बाथरूममध्ये ठेवलेली गढूळ बाटली डोक्यावर मारू नका.

उलट गंमतही चालते. काही तेलांच्या जाहिरातीत ‘कार्नोसिक ॲसिडने समृद्ध’ असं लिहिलेलं असतं. कार्नोसिक ॲसिड रोजमेरीच्या पानात असतं, चांगलं अँटिऑक्सिडंट आहे, त्याच्या अर्काला युरोपात खाद्यपदार्थ खवट होऊ नयेत म्हणून ई ३९२ या क्रमांकाखाली मान्यताही आहे. पण ते वाफेवर चढत नाही. वाफेने काढलेल्या तेलात ते यायचंच नाही. असं लेबल दिसलं की तो माल मी परत करते, कारण लिहिणाऱ्याला एकतर तेल माहीत नाही किंवा गिऱ्हाईक.

केसांपलीकडे या तेलाचा मला जास्त पटलेला उपयोग दुखऱ्या अंगासाठीचा आहे. युरोपीय औषध संस्थेने दीर्घ परंपरेच्या आधारावर स्नायू आणि सांध्यांच्या किरकोळ दुखण्यासाठी हे तेल त्वचेवर वापरायला मान्यता दिली आहे. आधार परंपरेचा आहे, मोठ्या चाचण्यांचा नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांना मी तिळाच्या तेलात दोन टक्के मिसळून देते. आधी थंड, मग ऊबदार वाटतं. त्यांना बरं वाटतं ते तेलाने की नात रोज संध्याकाळी समोर बसून चोळते म्हणून, हा प्रश्न मी घरात विचारत नाही.

दहावीच्या मुलांचे पालक येतात, ‘स्मरणशक्तीला चांगलं ना?’ म्हणून. समज जुना आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये २५ एप्रिलला गॅलिपोलीच्या सैनिकांच्या आठवणीत कोटाला रोजमेरीची काडी लावतात, आणि गॅलिपोलीच्या टेकड्यांवर ती रानटी वाढतेही. इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रिया विद्यापीठाने २०१२ मध्ये २० जणांना रोजमेरीचा वास दरवळणाऱ्या खोलीत बसवून रक्तातलं सिनिओल मोजलं. ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांची साध्या गणिती कामांतली कामगिरी काहीशी चांगली होती. वीस माणसं आणि काही मिनिटांचं काम. बोर्डाच्या पेपरशी याचा संबंध लावायचा असेल तर तुमची मर्जी. अभ्यासाच्या टेबलावर रुमालाला एक थेंब लावला तर झोप जरा उडते, एवढं मात्र खरं. ते निलगिरीनेही होतं आणि ती स्वस्त आहे.

कुणी वापरू नये, हे मात्र गर्दी असली तरी सांगते. फिट येणाऱ्यांनी लांब राहायचं, यातल्या कापरामुळे झटका येऊ शकतो. गरोदर बायकांनी नको. दमा असेल तर उग्र वासाने त्रास होऊ शकतो. लहान मुलांच्या नाकाजवळ, छातीवर, उशीवर अजिबात नको. आपल्याकडे सर्दी झाली की बाळाच्या गळ्यात कापराची पुडी बांधायची पद्धत आहे. मला ती पसंत नाही, तिच्याबद्दल आज्ज्यांशी वाद घालण्यात माझी बरीच शक्ती जाते. रोजमेरीतही कापूर आहेच, मग तिथे वेगळा न्याय कसा लावू? घरात मांजर असेल तर तेलाचा वास हवेत सोडणारा डिफ्यूझर लावू नका, त्यांच्या यकृताला हे घटक नीट बाहेर टाकता येत नाहीत. हे तेल पटकन पेट घेतं, देवापुढच्या निरांजनात घालू नका. आणि पिऊ नका. बटाट्यावर रोजमेरीची पानं भुरभुरणं वेगळं आणि अर्धा किलो पानांचा अर्क ग्लासात ओतणं वेगळं.

शेवटचा प्रश्न हल्ली नवा आलाय. डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिलंय, वर रोजमेरी लावली तर डबल फायदा होईल का? दोन्ही मिळून चांगलं होतं असं मी ठामपणे सांगेन एवढा पुरावा नाही. मिनॉक्सिडिल कोरड्या टाळूवर लावायचं असतं, तेलकट डोक्यावर नाही. त्यामुळे तेल लावायचंच असेल तर न्हायच्या आदल्या तासाभरात लावा, धुऊन टाका, डोकं पूर्ण वाळू द्या, मग मिनॉक्सिडिल. परवा एका मुलाला हे सांगितलं तर म्हणाला, ‘एवढं कोण करणार मॅडम, दोन्ही एका बाटलीत नाही का मिळत?’ मी त्याला फक्त मिनॉक्सिडिल दिलं.